थकलेली बिले, कामगारांचा पीएफ आणि ४५ दिवसांची मुदत

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत माझे सीएनसी मशिनिंगचे वर्कशॉप असून २४ कामगार आहेत. एका मोठ्या कंपनीच्या कास्टिंगचे जॉबवर्क आम्ही करतो. ऑर्डरवर ९० दिवसांची उधारी छापलेली असते, पैसे मात्र चार-चार महिन्यांनी येतात आणि तोवर जीएसटी आम्हालाच पदरचा भरावा लागतो. या ओढाताणीत २०२४-२५ मध्ये काही महिने पीएफचा भरणा उशिरा झाला. विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी सगळी रक्कम भरूनही आयकरात तो खर्च नाकारला गेला आहे. कंपनीविरुद्ध तक्रार केल्यास काम जाईल, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : पीएफचा प्रश्न आधी घेतो, कारण तेथील नुकसान कायमचे असते. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम त्याची असते, मालकाकडे ती केवळ सोपवलेली असते. म्हणूनच २०२४-२५ ला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यानुसार ती पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरली नाही, तर तिची वजावट त्या वर्षी मिळत नाही आणि नंतरच्या वर्षीही मिळत नाही. चेकमेट सर्व्हिसेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केल्यामुळे विवरणपत्राच्या मुदतीचा युक्तिवाद तुमच्या त्या वर्षासाठी टिकणार नाही. मालकाच्या स्वतःच्या हिश्श्याला मात्र त्या मुदतीचा लाभ मिळतो. तेव्हा आदेश नीट वाचा; दोन्ही हिस्से सरसकट नाकारले असतील, तर मालकाच्या हिश्श्यापुरती दुरुस्ती अवश्य मागा. पुढे चणचण भासलीच, तर बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जखात्यातून उचल करावी, पण कामगारांचे पैसे वेळेवर भरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

जीएसटीमध्ये बिलाचे पैसे आले नाहीत ही सबब चालत नाही आणि उशिरा भरलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. त्यामुळे खरा उपाय वसुलीतच शोधावा लागेल, आणि तेथे कायदा तुमच्या बाजूने आहे.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या तारखेला, पण कोणत्याही परिस्थितीत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची असते. ऑर्डरवर ९० दिवस छापले, तरी ४५ दिवसांपुढची सवलत कायदा मानत नाही. मुदत टळल्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. म्हणजे बँक दर ६ टक्के असेल, तर व्याजाचा दर १८ टक्के होतो. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा दिवस धरतात. यासाठी प्रत्येक चलनावर तारखेसह पोच घेण्याची शिस्त वर्कशॉपमध्ये हवीच. उद्यम नोंदणी, म्हणजे अशा उद्योगांची सरकारी नोंदणी, विनामूल्य होते. ती नसेल तर पुढचा माल पाठवण्याआधी करून घ्या आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.

तुमची भीती मी समजू शकतो, कारण एकाच मोठ्या ग्राहकावर उभ्या असलेल्या उद्योगाला भांडण परवडत नाही. पण तक्रार ही शेवटची पायरी आहे. आधी कंपनीच्या लेखा विभागाला शांत भाषेत पत्र लिहा आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये २०२३ च्या वित्त कायद्याने घातलेल्या (एच) या उपकलमाची आठवण द्या. मुदतीबाहेर गेलेली तुमची बाकी ३१ मार्चला शिल्लक राहिली, तर कंपनीला त्या खर्चाची वजावट त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. कर वाढण्याची ही शक्यता लेखा विभागाला सहसा नीट कळते, म्हणून पत्र फेब्रुवारीतच जाऊ द्या. त्यानेही भागले नाही, तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या २००६ च्या कायद्याखालील मंडळाकडे, अर्ज करता येतो. खरेदीदार परराज्यातला असला, तरी तुमच्या भागातील कौन्सिलला अधिकार असतो आणि तिचा निवाडा रद्द करून घेण्यासाठी कोर्टात जाणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उधारीच्या वादावरून उद्यम नोंदणी रद्द करण्याचा आग्रह कोणी धरला, तर तो मान्य करू नका.

प्रश्न : तासगावात आमचा बेदाणा प्रक्रियेचा व्यवसाय आहे. पुठ्ठ्याची खोकी आम्ही काही उत्पादकांकडून, तर काही व्यापाऱ्यांकडून घेतो. मार्चअखेरची त्यांची बाकी आम्हालाही अडचणीची ठरेल का?

उत्तर : उत्पादकांच्या बाबतीत ठरू शकते. प्रत्येक पुरवठादाराकडून उद्यम प्रमाणपत्राची प्रत मागवून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असलेल्यांची मुदत टळलेली बिले ३१ मार्चपूर्वी चुकती करा. विवरणपत्राच्या तारखेपर्यंत थांबण्याची सोय येथे नाही. मार्चमधील ज्या बिलांची मुदत एप्रिलमध्ये संपते, ती त्या मुदतीत भरल्यास खर्च मार्चअखेरच्या वर्षातच मिळतो. व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी केवळ बँकांच्या अग्रक्रम कर्जासाठी असल्याने त्यांच्या बाकीला वर सांगितलेले ४३ब (एच) हे उपकलम लागू होत नाही.