रेणू घडवायचा की गोळी?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी सोलापुरातच एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला, विषय फार्मास्युटिक्स. तिला ‘फार्मास्युटिक्स आणि ड्रग डिझाइन’मध्ये पीएच.डी. करायची आहे. मिस्टर यंत्रमागावर, तुमचं शिलाईकाम. अजून पाच वर्षं कशी ओढायची आणि तिच्या लग्नाचं काय, हे तुम्ही विचारलंय.

आधी तिच्याशी एवढं बोलून घ्या: ती एका दमात म्हणते ते दोन निराळे विषय आहेत.

साखरेवरची मेटफॉर्मिन घ्या. तिचा कच्चा माल आपल्या शेजारी तामलवाडीतही बनतो. हे औषध पाण्यात चटकन विरघळतं आणि डोसही मोठा, ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. ते दिवसभर हळूहळू सुटावं म्हणून गोळीत एचपीएमसीसारखा पॉलिमर घालतात. पाणी लागलं की तो फुगून जेलीसारखा होतो आणि औषध त्यातून झिरपतं. हे फार्मास्युटिक्स. यात औषध गोळीतून किती वेगानं सुटतं ते मोजायचं: सहा भांड्यांत सहा गोळ्या, पाणी ३७ अंशांवर, ठरल्या वेळेला प्रत्येकातून पाच मिली नमुना काढायचा, तेवढंच ताजं द्रावण परत घालायचं, आणि आकडे जुळले नाहीत तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. यात तिचा जीव रमतो का, ते तिलाच विचारा.

ड्रग डिझाइनमध्ये रेणूच नवा घडवायचा असतो. रक्तदाबाचं कॅप्टोप्रिल तसं आलं. ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडवरून, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यावरून, धागा मिळाला, मग रक्तदाब वाढवणाऱ्या एन्झाइमच्या खाचेत बसेल असा छोटा रेणू बांधला. १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. संगणकावर डॉकिंगचा, म्हणजे रेणू त्या खाचेत किती नीट बसेल या अंदाजाचा, स्कोअर चांगला आला म्हणजे औषध झालं, असं नाही. तो रेणू बनवावा लागतो, तपासावा लागतो. नुसत्या डॉकिंगवर प्रबंध उरकणाऱ्या ठिकाणी मी मुलांना पाठवत नाही. तुमच्या मुलीचा पाया फार्मास्युटिक्सचा आहे; तिने तोच धरावा, असं मला मनापासून वाटतं.

पैशांचं म्हणाल तर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली की महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. फार्मसीचा वेगळा पेपर नाही, लाइफ सायन्सेस किंवा केमिकल सायन्सेसमधून बसावं लागतं, म्हणून अभ्यास आजपासून. शिवाय प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप पाहा. कर्ज काढून पीएच.डी. करू देऊ नका. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठाकडे चौकशी कराच, पण औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था निपर हैदराबाद आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटीही डोळ्यांसमोर ठेवा. सोलापूरकराला हैदराबाद काही परगाव नाही.

संस्थेच्या नावाआधी गाइड बघा. त्यांच्याकडच्या मागच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना गाठून विचारा: किती वर्षं लागली, यंत्र बंद पडलं तेव्हा काय झालं, सर वेळ देतात का? ‘प्रबंध लिहून देतो’ म्हणत पैसे मागणारा जो माणूस तुम्हाला भेटला, त्याला दारात उभा करू नका. पोरीच्या हातातली विद्याच तो काढून घेतोय.

आता लग्न. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांत पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत. २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजाही मिळते. म्हणजे लग्नासाठी शिक्षण सोडावं लागत नाही. स्थळ बघायला बसाल तेव्हा पहिल्याच बैठकीत सांगा, मुलगी प्रयोगशाळेतून रात्री आठला घरी येईल.