पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनआधी
७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. अंतरं तुला जमतील. मला काळजी आहे ती सायकलवरून उतरल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची. पाय लाकडासारखे होतात, आपले वाटतच नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा तरी सायकल ठेवल्या ठेवल्या दहा मिनिटं पळ. बाकी काही राहिलं तरी चालेल, हे चुकवू नकोस.

पोहताना सुरुवातीला कडेला राहा, गर्दीत कुणाचा तरी पाय चष्म्यावर बसतोच. दम लागला तर पाठीवर तरंग, श्वास घे, मग पुढे.

आणि हेल्मेट! स्टँडवरची सायकल काढण्याआधी पट्टा लावायचा, ती परत ठेवेपर्यंत सोडायचा नाही. माझा एकदा घाईत राहिला, पंचांनी जागीच थांबवलं. शर्यतीच्या दिवशी नवे बूटही नकोत.