कमी खर्चात बैठकीच्या खोलीचे रूप कसे पालटावे?

आपण लिहिले आहे की, बैठकीची खोली गेली अनेक वर्षे तशीच असून आता ती मलूल दिसते, भिंती मळकट झाल्या आहेत, सोफ्याची बैठक खचली आहे व कापड विटले आहे, छताला एकच दिवा आहे, आणि हाताशी असलेल्या रकमेत एक तर पूर्ण रंगकाम होईल किंवा नवा सोफा येईल; तेव्हा या दोहोंपैकी काय निवडावे, असा आपला प्रश्न आहे. माझे मत असे की, या दोहोंपैकी कशालाही लगेच हात घालू नये. खोली जुनाट वाटण्यामागे पुष्कळदा उजेड आणि मांडणी ही दोनच कारणे असतात, आणि या दोन्हींची दुरुस्ती जवळजवळ फुकटात होते. ती आधी करून घेतली की भिंत आणि सोफा यांची खरी अवस्था दिसू लागते, आणि बरेचदा असे आढळते की दोन्हींपैकी एकालाही पूर्ण रकमेची गरज नव्हती.

सुरुवात दारात उभे राहून खोलीची छायाचित्रे काढण्यापासून करावी. एक उभे राहून, एक सोफ्यावर बसून, आणि दोन्ही दिवसा व रात्री. रोज वावरत असलेल्या खोलीतील दोष डोळ्यांना दिसेनासे होतात, पण छायाचित्रात ते चटकन समोर येतात. त्यानंतर उचलता येईल तेवढे सामान, म्हणजे शोभेच्या वस्तू, लहान टेबले, चित्रे, उशा, कोपऱ्यातील ढीग, हे सगळे दुसऱ्या खोलीत हलवावे आणि निदान एक दिवस खोली तशीच ठेवावी. परत आणताना प्रत्येक वस्तूची जागा नव्याने ठरवावी. निम्म्याहून अधिक वस्तू परत आणाव्याशा वाटणार नाहीत, आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

मांडणीत बहुतेक घरांत एक सवय दिसते: सगळ्या खुर्च्या आणि सोफे भिंतीला पाठ लावून बसवलेले असतात आणि मध्ये मोठी मोकळी जागा राहते. अशा खोलीत चार माणसे बसली की त्यांना आवाज चढवून बोलावे लागते. बसण्याच्या जागा एकमेकींकडे किंचित वळवून जवळ आणाव्यात, सोफा भिंतीपासून एक वीतभर पुढे घ्यावा, आणि ये-जा करण्याचा मार्ग बोलणाऱ्यांच्या मधून न जाता बाजूने जाईल असे पाहावे. त्या मार्गाला ७५ ते ९० सेंटिमीटर रुंदी पुरते. सोफा आणि मधले टेबल यांत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर असावे. त्याहून कमी असल्यास गुडघे अडतात, जास्त असल्यास कप ठेवायला वाकावे लागते.

आता उजेडाकडे वळतो, कारण माझ्या मते आपल्या खोलीचे सर्वांत मोठे दुखणे तेच आहे. छताच्या मधोमध असलेल्या एकाच प्रखर दिव्याचा उजेड सगळ्या वस्तूंवर वरून सारखाच पडतो, त्यामुळे वस्तूंना उठाव राहत नाही, माणसांच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि कोपरे काळोखे राहतात. तोच उजेड तीन ठिकाणी वाटून दिला, म्हणजे सोफ्याजवळ एक उभा दिवा, समोरच्या कोपऱ्यात कपाटावर एक लहान दिवा आणि छताचा दिवा केवळ गरजेपुरता ठेवला, तर रात्रीची खोली ओळखू येणार नाही इतकी बदलते. उभ्या दिव्याच्या झाकणाची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटरवर असावी, म्हणजे बल्ब थेट डोळ्यांत येत नाही. दिव्याची वायर गालिच्याखालून मात्र कधीही नेऊ नये. पायांखाली ती झिजते, आतली उष्णता कोंडते आणि आग लागण्याचा धोका असतो.

बल्ब घेताना खोक्यावरच्या तीन आकड्यांकडे लक्ष द्यावे. पहिला ल्यूमेनचा, म्हणजे प्रत्यक्ष मिळणाऱ्या उजेडाचा. पूर्वीचा ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ८०० ल्यूमेन उजेड देत असे आणि एलईडी बल्ब तेवढाच उजेड ८ ते १० वॅटमध्ये देतो. दुसरा आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या छटेचा. २७०० ते ३००० केल्विनचा उजेड उबदार पिवळसर असतो, ४००० च्या आसपासचा पांढरा, तर ६५०० चा निळसर. बैठकीच्या खोलीत मी २७०० ते ३००० च्या पुढे जात नाही, आणि एकाच खोलीत वेगवेगळ्या छटांचे बल्ब लावणे तर कटाक्षाने टाळतो. तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात याचे १०० पैकी मोजमाप. साध्या बल्बचा तो ८० च्या आसपास असतो, पण ९० किंवा अधिक असलेला बल्ब मिळाला तर लाकूड, कापड आणि माणसाची कांती यांत पडणारा फरक आपल्याला लगेच कळेल. दिवसाच्या उजेडासाठी खिडकीच्या काचा आतून-बाहेरून धुवाव्यात आणि काचेला अडवणारे सामान दूर करावे.

उजेड सुधारल्यावर भिंतींकडे पाहावे, पण रंगाचा डबा उघडण्यापूर्वी त्या धुऊन पाहाव्यात. धुता येण्याजोगा रंग असेल तर कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ स्पंज पुरेसा असतो. आधी एका कोपऱ्यात रंग उतरत नाही याची खात्री करावी. धुताना खालून वर जावे, कारण वरून सुरुवात केल्यास कोरड्या मळक्या भिंतीवर पाण्याचे ओघळ उतरतात आणि त्यांचे डाग नंतर निघत नाहीत. मळकट म्हणून रंगवायला काढलेली भिंत नुसती धुऊन उजळल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

भिंतीला कुठे पोपडे किंवा फुगवटे आले असतील तर तिथे रंगावर पैसा घालणे म्हणजे तो पाण्यात घालणे होय. ओल कुठून येते हे तपासण्याची एक साधी रीत आहे. पारदर्शक प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. प्लॅस्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दमटपणा जमला तर ओल भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमला तर ती खोलीतल्या हवेतली असून तिच्यावर वारा खेळता ठेवणे हाच इलाज आहे. भिंतीतली ओल निघाली तर गळती शोधून ती थांबवणे आणि भिंत पूर्ण वाळू देणे, यापुढे बाकी सगळी कामे थांबली तरी चालतील. घर बरेच जुने असेल तर आणखी एक काळजी घ्यावी: जुन्या रंगांत शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये.

धुऊनही भागले नाही तर सगळी खोली रंगवण्याऐवजी जी भिंत आल्याबरोबर समोर दिसते ती एक रंगवावी. रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. तयार केलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवायचा भिंतीचा रंग, एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १० ते १२ चौरस मीटर जाते. पाच मीटर लांब व तीन मीटर उंच भिंत म्हणजे १५ चौरस मीटर, दोन हात दिले तर ३० चौरस मीटर, म्हणजे तीन लिटरमध्ये काम होते. चार बाय पाच मीटरच्या संपूर्ण खोलीला, दारे-खिडक्या वजा करूनही, सुमारे दहा लिटर लागेल. भोके आणि चिरा लांबीने (पुट्टीने) भरून वाळल्यावर पॉलिश पेपरने सपाट कराव्यात; भिंतीला उंचसखलपणा असेल तर चकाकी नसलेला रंग घ्यावा, कारण चकाकी प्रत्येक उंचवटा उघडा पाडते. चकाकीचा रंग सहज पुसून स्वच्छ करता येतो हे खरे, पण बैठकीच्या भिंतीला ही सोय तितकीशी लागत नाही.

छटा निवडताना मात्र घाई करू नये. दुकानातील बोटभर नमुन्यावरची छटा संपूर्ण भिंतीवर अधिक गडद भासते, आणि शेजारी कोणता रंग आहे त्यानुसारही ती बदलते. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल हे पॅरिसच्या गोब्लँ या विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख असताना, तिथला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. शोध घेतल्यावर त्यांना आढळले की दोष रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे. शेजारच्या रंगांचा एकमेकांवर होणारा हा परिणाम त्यांनी १८३९ मध्ये नियमाच्या रूपात मांडला. आपल्या सोफ्याशेजारची भिंतही याच नियमाने वागणार आहे. म्हणून जाड पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर कडेपर्यंत दोन हात द्यावेत, तो सोफ्यामागे, खिडकीजवळ आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभा करून सकाळी, दुपारी आणि रात्री नव्या दिव्यांखाली पाहावा. ज्या खोलीत थेट ऊन येत नाही तिथे आकाशाचा निळसर उजेडच तेवढा पोहोचतो, आणि त्यात राखाडी छटा फार थंड दिसतात. तिथे किंचित पिवळसर किंवा मातकट झाक असलेली छटा निवडणे बरे.

आता सोफा. तो टाकावा की ठेवावा हे कापडावरून ठरवू नये, सांगाड्यावरून ठरवावे. पुढचा एक पाय धरून सोफा वीतभर उचलावा. पुढचा दुसरा पायही लगेच जमीन सोडून वर आला तर सांगाडा ताठ आहे. तो जमिनीलाच टेकून राहिला तर सांधे सैल झाले आहेत किंवा लाकूड पीळ खाते आहे. त्यानंतर गादी बाजूला काढून तळहाताने खालचे पट्टे किंवा स्प्रिंगा दाबून पाहाव्यात. ढिले पट्टे बदलणे हे गादीकाम करणाऱ्या कारागिराचे थोड्या वेळाचे काम असते, पण त्यासाठी नवा फोम घालून झाल्यावर त्याला बोलावण्यात अर्थ नाही. पट्टे आधी, फोम नंतर. शेवटी गादीची चेन उघडून फोम बोटांत चिमटावा. तो दबून परत वर येत असेल तर त्याला हात लावू नये. भुगा होऊन बोटांना चिकटत असेल तर त्याचे आयुष्य संपले आहे.

नवा फोम घेताना नुसते कडक किंवा मऊ असे न विचारता त्याची घनता विचारावी. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन. तिचा कडकपणाशी थेट संबंध नसतो, टिकाऊपणाशी असतो. बसण्याच्या गादीसाठी ३२ ते ४० किलोचा फोम घ्यावा, पाठीच्या उशांना त्याहून हलका चालतो. फोम खोळीच्या मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर मोठा कापून घ्यावा आणि त्याभोवती पॉलिस्टरच्या कापसाचा पातळ थर गुंडाळावा, म्हणजे कापडाला सुरकुत्या पडत नाहीत आणि कोपरे भरीव दिसतात. कापड निवडताना त्याचा मार्टिनडेल आकडा, म्हणजे यंत्रावर घासून मोजलेला चिवटपणा, किती आहे हे दुकानदाराला विचारावे. रोज वापरल्या जाणाऱ्या सोफ्याला २०,००० किंवा अधिक असावा. सुती कापड घेतले तर शिवण्यापूर्वी धुऊन आटवून घ्यावे. माझ्या मते आपल्या रकमेचा सर्वांत मोठा वाटा या गाद्यांवर आणि खोळींवर खर्च व्हावा, कारण खोलीत येणारा प्रत्येक माणूस भिंतीकडे पाहीलच असे नाही, पण बसणार सोफ्यावरच.

पडद्यांत कापडाच्या भारीपणापेक्षा माप महत्त्वाचे असते. दांडी चौकटीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटर आणि दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर घेतली की उघडलेला पडदा काच झाकत नाही, खिडकी मोठी भासते आणि उजेडही वाढतो. कापडाची एकूण रुंदी दांडीच्या दीड ते दुप्पट असावी. त्याहून कमी कापडात चुण्या पडत नाहीत आणि भारी पडदाही चादर टांगल्यासारखा दिसतो. जुने पडदे धड असतील तर दांडी हलवून पाहावे. लांबी कमी पडल्यास खाली वेगळ्या कापडाची रुंद पट्टी जोडता येते, आणि तीच पट्टी सोफ्याच्या उशांना लावली तर ती ठरवून केलेली वाटते.

लाकडी टेबल आणि कपाटे पुसून, चरे भरून, मेण लावून उजळतात. जवसाचे तेल वापरल्यास त्याने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत पसरून वाळू द्यावीत. चित्रे लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ सेंटिमीटरवर ठेवावा. बहुतेक घरांत ती फार उंच लावलेली असतात. छताला सजावटी पट्ट्या, भिंतीला महागडा कागद आणि लहान शोभेच्या वस्तू यांवर मी या रकमेतला एक पैसाही घालणार नाही.

गालिचा घ्यायचा असेल तर सगळ्यांत शेवटी घ्यावा, कारण त्याचे माप मांडणी पक्की झाल्याशिवाय कळत नाही. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून पाहावे. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर येतील इतका तो मोठा हवा. रकमेत तेवढा मोठा बसत नसेल तर लहान घेऊन मध्ये बेटासारखा टाकण्यापेक्षा फरशी स्वच्छ पुसून मोकळी ठेवावी आणि पुढे कधीतरी योग्य मापाचा घ्यावा.