ग्लिसरॉलच्या आधी हवेतला ओलावा बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मेपर्यंत खानापुरात पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) आणि कायटोसान (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारा पॉलिमर) यांची फिल्म स्वच्छ पारदर्शक येत होती. जुलैत तीच दुधाळ आणि चिकट झाली. बाहेरून करून आणलेल्या एक्सआरडीत, म्हणजे स्फटिकता दाखवणाऱ्या क्ष-किरण चाचणीत, शिखरं पसरट आली. बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी मारायला लागणारी ऊर्जा, तुकड्या-तुकड्याला वेगळा. फिल्म लवचीक राहावी म्हणून घालतात ते ग्लिसरॉल जास्त पडलं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या पीएचडीत नेमकं हेच झालं होतं, तेही बेळगावात आणि पावसाळ्यातच.

विरघळवणं, गाळणं, ओतणं तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. माझ्या मते ग्लिसरॉल मूळ कारण नाही, पण ते ओलावा ओढून घेतं म्हणून भर घालतं. पीव्हीएच्या साखळीवर हायड्रॉक्सिल गट ठासून भरलेले, कायटोसानवर त्यात अमिनो गटांची भर. सगळे पाण्याला धरून बसतात. कोरड्या पीव्हीएचं काचसंक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर कडक पॉलिमर मऊ होतो ते, ८५ अंशांच्या आसपास असतं. पाणी आत शिरलं की ते बरंच खाली येतं आणि फिल्म पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारखी लोळते. दुधाळपणाचं कारण थोडं वेगळं असावं. दमट हवेत फिल्म हळू वाळते, तेवढ्या वेळात दोन्ही पॉलिमर वेगळे होऊन पुंजके धरतात आणि ते प्रकाश विखुरतात. म्हणून जून ते सप्टेंबर उघड्यावर वाळवूच नका, ४०-४५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवा.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. एका उपकरण केंद्राचं, सीमेच्या अलीकडचं की पलीकडचं तेही सांगत नाही. नमुने व्यवस्थित सीलबंद करून दिले होते. आपला पत्ता बघून ‘राज्यातला दर लावायचा की बाहेरचा’ यावर फाईल अडली. विभागप्रमुखांचं पत्र दिलं, मग ते वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं हवं झालं. तोवर कोणीतरी पाकिटं फोडून नमुने किती आहेत ते मोजले आणि तसेच टेबलावर ठेवले, ऐन पावसात. अहवालात ना मोजणीची तारीख, ना त्या खोलीतली आर्द्रता. पुढे शोधनिबंधाच्या परीक्षकांनी विचारलं की एकाच मिश्रणाची स्फटिकता दोन ठिकाणी वेगळी कशी. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मधल्या काळात फिल्मचं काय झालं हे सांगायला कोणी तयारच नव्हतं. अख्खी मालिका पुन्हा करावी लागली आणि त्यातच फेलोशिप संपली. अजूनही राग येतो. सीमाभागातल्या पोरांना दोन्हीकडे ‘बाहेरचे’ ठरवायचं, आणि त्याची किंमत त्यांच्या कामाने मोजायची.

आता तुमच्या बँड गॅपबद्दल. बरेच जण लगेच जाडीवर बोट ठेवतात. शोषण गुणांक म्हणजे २.३०३ गुणिले शोषकता (फिल्मने किती प्रकाश अडवला त्याचा यंत्राने दिलेला आकडा) भागिले जाडी, त्यामुळे जाडी चुकली तर गुणांक चुकतोच. पण टाउक प्लॉटमध्ये, म्हणजे ज्या आलेखावरून बँड गॅप काढतात त्यात, त्याने फक्त उभी पट्टी ताणली जाते, सरळ रेषा आडव्या अक्षाला छेदते तो बिंदू हलत नाही. तो हलवतं ते विखुरण. दुधाळ फिल्म दृश्य प्रकाशातही शोषकता दाखवते, पायारेषा उचलली जाते आणि बँड गॅप खोटाच कमी निघतो. ५०० ते ८०० नॅनोमीटरमधला आलेख आधी बघा. तिथे तो शून्याजवळ सपाट नसेल तर त्या तुकड्याचा बँड गॅप छापू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्म जाड असून शोषकता ३ च्या वर जात असेल तर तेही वाचन सोडा. तिथे यंत्रातला भटका प्रकाशच मोजला जातो.

ओलावा पूर्ण घालवता येत नाही, ठरावीक ठेवता येतो. बंद डब्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं संपृक्त द्रावण ठेवलं की २५ अंशांना सुमारे ३३ टक्के आर्द्रता राहते, साध्या मिठाचं ठेवलं तर ७५ टक्के. सगळे नमुने एकाच डब्यात, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा आणि निबंधात आर्द्रतेचा आकडा लिहा. डीएससीत, म्हणजे नमुना तापवताना तो किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या चाचणीत, १०० अंशांच्या आसपास पाण्याचा रुंद खड्डा येतो, त्याखाली काचसंक्रमण झाकलं जातं. पहिल्या तापवणीत पाणी उडून जातं, म्हणून दुसऱ्या तापवणीचं वाचन घ्या. आणि सिलिका जेल घेताना निळी टाळा, तिच्यात कोबाल्ट क्लोराइड असतं. नारिंगी मिळते.

जखमेवरच्या पट्टीसाठी फिल्म वापरायची म्हणताय, तर एक सांगतो. मी पदार्थविज्ञानातला आहे, हे एखाद्या जीवशास्त्रवाल्याकडून तपासून घ्या. दोन्ही घटक निर्धोक आहेत म्हणून फिल्म निर्धोक ठरत नाही. कायटोसान विरघळवायला घातलेलं ॲसेटिक ॲसिड आत उरतं, ते पेशींना झोंबतं. पातळ सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन करून धुवावं लागतं. पीव्हीए ९८-९९ टक्के जलविघटित (बनवताना ॲसिटेट गटांचे हायड्रॉक्सिल गट झालेलं) असेल तर थंड पाण्यात बऱ्यापैकी तग धरतं, ८७-८९ टक्क्यांचं विरघळायलाच लागतं. बाटलीवर बघा. ग्लुटाराल्डिहाइडने पॉलिमरच्या साखळ्यांची एकमेकींशी जोडणी करायचा सल्ला कोणी दिला तर माझा विरोध आहे, उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड विषारी असतं. सायट्रिक ॲसिड घालून तापवून बघा. पेशींची चाचणी आयएसओ १०९९३ या वैद्यकीय साधनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या भाग ५ प्रमाणे झाल्याशिवाय ‘जैवसुसंगत’ हा शब्द शीर्षकात घालू नका.

पुढचे नमुने पाठवण्याआधी केंद्राला फोन करून दर कुठला लागणार ते लेखी मागा. पाकीट फोडल्यावर किती वेळात मोजतील हेही विचारा, आणि मोजणीची तारीख व खोलीतली आर्द्रता अहवालात लिहून मागा. तयार नसतील तर दुसरीकडे जा, भले धारवाड किंवा कोल्हापूरपर्यंत जावं लागलं तरी. शक्य असेल तर स्वतः घेऊन जा आणि मोजणी होईपर्यंत तिथेच थांबा.