अंतराळ धोरण आणि प्रशासन या विषयात पोस्टडॉक करण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की कायद्यात पीएचडी झाली, आता अंतराळ धोरणात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचंय, पण गाईड म्हणतात हा इंजिनिअरांचा प्रांत. वर कोणीतरी तुम्हाला म्हणालं, "गोव्यात बसून कसलं आलंय अंतराळ?" त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहायला घेतलं. बाकीच्याचं उत्तर मध्येच कुठेतरी येईल.

मी गोव्यातल्या डिचोली या खाणींच्या तालुक्यातली. २०१९ च्या पावसाळ्यात, चांद्रयान-२ नुकतंच उडालं होतं तेव्हा, एका संस्थेत पोस्टडॉकच्या मुलाखतीला गेले होते. नाव सांगत नाही. माझा विषय होता चंद्रावरच्या खनिजांचे हक्क आणि परवाने. समितीतल्या एका ज्येष्ठांनी चार पानांचा प्रस्ताव न उघडताच बाजूला सरकवला आणि म्हणाले, "मॅडम, आधी तिथे पोचू तर द्या. कायद्याचं मग बघू."

हे "मग बघू" मी लहानपणापासून ऐकत आले होते. खाणीवरची लाल माती घराच्या कौलांवर बसायची, विहिरीचं पाणी मार्चमध्येच तळाला जायचं, आणि कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं. पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणींच्या सनदांचे भाडेपट्टे करणारा कायदा आला १९८७ साली, गोवा मुक्त होऊन पाव शतक उलटल्यावर. तोवर डोंगर उतरत होतेच. माझ्या काकाने २०११ मध्ये कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला, खाण ते जेटी फेऱ्या मारायला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात उभा राहिला, हौद्यात पाणी साचून डास झाले, हप्ते मात्र चालूच. २०१४ मध्ये कोर्टाने मर्यादा घालून परवानगी दिली तेव्हा काकाने टायर बदलले. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ भाडेपट्टे एकदमच रद्द केले. त्या वर्षीच्या चतुर्थीला माटोळीखाली, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या छताखाली, पानं वाढलेली असताना काका माझ्याकडे बघून म्हणाला, "तुज्या कायद्यान म्हजो ट्रक उबो केलो." मी म्हटलं, कायद्याने नव्हे, उशिरा आलेल्या कायद्याने. त्यावरून असं भांडण पेटलं की खतखतं गार झालं. आईने दोघांनाही गप्प केलं.

तर हे सगळं मी त्या समितीपुढे बोलून बसले. दहा मिनिटं. बाईंचं डोकं फिरलंय असं त्यांना वाटलं असणार. नकार आला: विषय संस्थेच्या उद्दिष्टांशी जुळत नाही.

पण तुम्हीच बघा. १९६७ चा अंतराळ करार सांगतो की कोणत्याही देशाला चंद्र आपला म्हणता येणार नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदे करून टाकले की खणून काढलेला माल मात्र काढणाऱ्याचा. चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेला आर्टेमिस करारही म्हणतो की खनिज काढणं म्हणजे आपोआप मालकी सांगणं होत नाही; त्यावर भारताने जून २०२३ मध्ये सही केली. थोडक्यात, डोंगर कोणाचाच नाही, पण ट्रकात भरलेली माती माझी. हे डिचोलीच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही. उलट १९७९ चा चंद्र करार म्हणतो की ही मानवजातीची सामायिक ठेव आहे. त्यावर आपण १९८२ मध्ये सही केली आणि पुढे तो मंजूर केलाच नाही. दोन्ही कागदांवर आपली सही आहे. यावर पोस्टडॉक नाही करायचं तर कशावर करायचं?

आणि आधी कायदा केला की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस ९५४ उपग्रह कॅनडावर कोसळला. नुकसानभरपाईचा करार १९७२ सालचा, म्हणून कॅनडाला त्याच्या आधारे साठ लाख कॅनेडियन डॉलर्सचा दावा ठोकता आला. १९८१ मध्ये तीस लाख मिळाले. निम्मेच मिळाले, पण मिळाले. काकाला कोणी काय दिलं?

गोव्यात बसून काय, तर पणजीजवळ दोनापावलला जा. चंद्राच्या आधी मालकीचा हाच वाद समुद्राच्या तळावरून झालाय. तळावरचे धातूचे गोटे 'गवेषणी' जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये वर काढले, ते इथल्याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने. हिंदी महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र भारताकडे आहे ते आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी केलेल्या करारावर. समुद्रात परवाना देणारं कार्यालय आहे, चंद्रावर नाही. या एका फरकावर तुमचा प्रस्ताव उभा राहू शकतो.

इंजिनिअर नसल्याचं मनावर घेऊ नका. १९६७ च्या करारानुसार खासगी कंपनीच्या उद्योगांनाही तिचा देशच जबाबदार, आणि आपल्याकडे २०१७ च्या मसुद्यानंतर अंतराळ कायदा अजून झालेला नाही. २०२३ चं धोरण आहे, इन-स्पेस ही सरकारी संस्था खासगी कंपन्यांना परवानगी देते, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. तो लिहिताना रॉकेटचं गणित नव्हे, कलमं लागणार.

माझं पुढे झालं. तोच प्रस्ताव, शीर्षकातले दोन शब्द बदलून, युरोपात एका विद्यापीठाने घेतला. दोन वर्षं केलं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पोस्टडॉक म्हणजे नोकरी नव्हे. परत आल्यावर मी आठ महिने घरी होते आणि काकाने ते बरोब्बर मोजले. या विषयाच्या कायम जागा आपल्याकडे अगदी मोजक्या. हैदराबादचं नालसार कायदा विद्यापीठ, बंगळुरूची नियास ही संशोधन संस्था अशा ठिकाणी नजर ठेवा, पण त्यावर घराचं कर्ज काढू नका. काकाचंही एक खरं होतं: उशिरा आलेला कायदा पहिल्यांदा हप्तेवाल्यालाच चिरडतो, खाणमालकाला नाही. हे मी त्या चतुर्थीला कबूल केलं नव्हतं.

बाहेर जायचं असेल तर लायडन, मॅकगिल, व्हिएन्ना ही विद्यापीठं बघा. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपला पीएचडी होऊन आठ वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. मुदत बहुतेक सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, म्हणजे नेमकी चतुर्थीच्या धामधुमीत. तिथल्या मार्गदर्शकाशी जूनमध्येच बोलून ठेवा.