कॅलगरीचा हिवाळा आणि कोरडे डोळे: नागपूरहून येणाऱ्यांसाठी

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत नागपूरहून कॅनडातल्या कॅलगरीला येताय, दोघांचंही काम दिवसभर कॉम्प्युटरवर, तुम्हाला कॉन्टॅक्ट लेन्स आहेत आणि उणे पंचवीसच्या थंडीत डोळ्यांचं कसं होणार याची धास्ती आहे. काळजी रास्त आहे. पण बाहेरच्या थंडीपेक्षा घराच्या आतल्या हवेची जास्त करा. इथे डोळे कोरडे पडतात ते मुख्यतः घरात, ऑफिसात आणि गाडीत.

थंड हवेत बाष्प फारसं मावतच नाही. उणे 20 अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम 1 ग्रॅम पाणी असतं. तीच हवा घरात 20 अंशांपर्यंत तापली की 17 ग्रॅम धरू शकते, पण पाणी मात्र तेवढंच राहतं. स्वयंपाक, अंघोळ यांनी थोडी भर पडते, तरी आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली सहज जाते. त्यात बहुतेक घरांत गॅसची फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, असते आणि तिची गरम हवा जमिनीतल्या झरोक्यांतून दिवसरात्र खेळत असते. शिवाय इथे चिनूक आहे, म्हणजे रॉकी पर्वत उतरून येणारा उबदार, कोरडा वारा. तो सुटला की बर्फ वितळतं, सगळे खूश होतात, आणि डोळे चुरचुरायला लागतात.

म्हणून आधी घराकडे बघा. फर्नेसला जोडलेला ह्युमिडिफायर हा आपल्या कूलरचाच भाऊ: ओल्या पॅडमधून हवा जाते आणि ओलावा घेऊन खोल्यांत येते. घर भाड्याने घेताना तो आहे का, चालू आहे का आणि पॅड कधी बदललं होतं, हे घरमालकाला नक्की विचारा. नसेल तर झोपायच्या खोलीपुरता सुटा घ्या. सोबत आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र घ्या, स्वस्तात मिळतं. 30 ते 40 टक्के ठीक. कडाक्याची थंडी पडली की 25 पर्यंत उतरवा, नाहीतर खिडक्यांच्या काचांवर पाणी साचून गोठतं आणि चौकटींना बुरशी धरते. कॅलगरीचं नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे. पाण्याचे बारीक तुषार उडवणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात ते घातलं की घरभर पांढरी भुकटी बसते, त्यात डिस्टिल्ड पाणीच घाला. टाकी मात्र कुठल्याही यंत्राची नियमित धुवायला हवी. पलंग झरोक्यासमोर लावू नका, आणि गाडीत हीटरची हवा चेहऱ्यावर न घेता पायांकडे वळवा.

बाहेर पडल्यावर डोळ्यांतून घळाघळा पाणी येईल. ते पाहून ‘माझे डोळे कोरडे नाहीत’ असं समजू नका. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ थर असतो, त्याच्यावर पापण्यांतल्या ग्रंथी तेलाचा पापुद्रा धरतात. तो नीट नसला की ओल उडते, डोळा चिडतो आणि नुसतं पाणी सोडतो, जे टिकत नाही. या ग्रंथींसाठी कोमट पाण्यात पिळलेलं स्वच्छ फडकं मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवावं, मग पापण्या हलक्या हाताने चोळाव्या. रोज केलं तर खरंच फरक पडतो. बाहेर जाताना कडेने बंद असलेला गॉगल घाला. त्याने वारा अडतो आणि बर्फावरून परतणारं लख्ख ऊनही.

कृत्रिम अश्रूंचे थेंब इथे चिठ्ठीशिवाय मिळतात. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (थेंब टिकवायला घातलेलं रसायन) नसलेलेच घ्या, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं रसायन वारंवार गेलं तर उलट त्रास वाढवतं. रात्री डोळ्यांत घालायचं कृत्रिम अश्रूंचं जेल वापरावं. लाली घालवणारे थेंब टाळा, ते उतरले की लाली आणखी वाढते. आणि कळकळीने सांगते, गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल यातलं काहीही डोळ्यांत घालू नका. ते निर्जंतुक नसतं. सर्दीसाठी सेटिरिझिन घेत असाल तर त्यानेही डोळे सुकतात, हे ध्यानात असू द्या.

स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटायचं प्रमाण खूप घटतं. मॉनिटर नजरेच्या थोडा खाली ठेवा आणि मधूनमधून लांब बघत पापण्या पूर्ण मिटा. लेन्स असताना कोणते थेंब चालतात ते पाकिटावर पाहून घ्या. पहिला हिवाळा तरी घरात चष्माच वापरा. नवीन चष्मा आणि डोळ्यांची तपासणी नागपुरातच उरकून या, कारण अल्बर्टात, म्हणजे कॅलगरीच्या प्रांतात, 19 ते 64 वयाच्या माणसांची नेहमीची डोळेतपासणी सरकारी विम्यात बसत नाही.

मात्र डोळा दुखायला लागला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं किंवा घट्ट चिकट स्राव आला, तर थेंबांवर दिवस ढकलू नका. लेन्स काढून ठेवा आणि त्याच दिवशी ऑप्टोमेट्रिस्टला (डोळे तपासणाऱ्या तज्ज्ञाला) फोन करा. इथे त्यासाठी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.