जुन्या मैफलीत नेमकं काय झालं, हे कॅसेट आणि घरच्यांच्या आठवणींवरून कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या कपाटात तीन कॅसेट सापडल्या, वर बॉलपेनने 'सवाई, शेवटची रात्र' (म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव) एवढंच, साल नाही. आई म्हणते त्या पहाटे ललत, म्हणजे पहाटेचा तो राग, झाला, काका म्हणतात ललत वेगळ्या वर्षी, आणि कॅसेटवर तर ललत नाहीच. मग खरं कोण?

तिघंही खरे असू शकतात. ९० मिनिटांच्या तीन कॅसेट म्हणजे साडेचार तास, आणि तेव्हाचा सवाई रात्रभर चालायचा. म्हणजे निम्म्याहून जास्त रात्र तुमच्याकडे नाहीच. शिवाय कोरी कॅसेट महाग, त्यामुळे निवेदन, सत्कार, तबला लावणं आलं की लोक बटण दाबून टेप थांबवत. बाजू उलटताना काही सेकंद जायचे ते वेगळेच. तेव्हा कॅसेटवर नाही म्हणून झालंच नाही, असं म्हणू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, याच चुकीवरून घरात माझी शोभा झाली आहे.

आमच्या कोकणातल्या गावात रामनवमीच्या उत्सवात एकदा एका बुवांचं गाणं झालं होतं. कॅसेटवर साल नव्हतं, पण सुरुवातीला निवेदक 'आपल्या नव्या सभामंडपात' म्हणतो आणि मंडपाच्या खांबावरच्या संगमरवरी पाटीवर १९७९ आहे, तेव्हा साल जवळपास ठरलं. त्या रात्रीबद्दल आमच्या घरात दोन गोष्टी पाठ होत्या. एक, लाइट गेले आणि बुवा अंधारात माइकशिवाय तासभर बागेश्री राग गायले. दोन, पहाटेपर्यंत बुवांचा आवाज असा काही तापला की सूर चढत गेला.

टेप माझ्या काकांचा, दुबईहून आणलेला टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र. चार वर्षांपूर्वी मी त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवल्या. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाचं चित्र दिसतं. चित्रात तळाशी एक सरळ रेघ दिसली, विजेच्या गुणगुणीची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या टेपवर ५० आणि त्याच्या पटीत १००, १५० अशा बारीक रेघा बहुतेक वेळा सापडतात. बागेश्रीच्या विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या भागात, एका जागी बुवांचा आवाज क्षणभर चिरका होऊन वर जातो आणि गप्प होतो. लाइट गेल्यावर मोटार मंदावली की आवाज खाली घसरायला हवा असं मला वाटलं होतं. पण टेप *भरताना* मंदावली, की नेहमीच्या वेगाने वाजवताना तो तुकडा भरभर वाजतो, म्हणून सूर वर पळतो. लगेच पुढे पुन्हा तसाच चिरका आवाज खाली उतरत जागेवर येतो आणि द्रुत, म्हणजे जलद लयीचा भाग, चालू असतं. रेघ गायब! कर्ण्याचा घुमारा नाही, बुवांचा आवाज लांबून, माणसाच्या घशातून आल्यासारखा. चौदा मिनिटांनी रेघ परत येते, मंडपात 'आले, आले' असा कल्ला होतो.

मी लगेच गणपतीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, तासभर वगैरे काही नाही, चौदा मिनिटं. पुरावा आहे माझ्याकडे.

आत्या सोफ्यावर बसली होती. तिचं त्याच वर्षी लग्न झालं आणि ती इंदूरला गेली. ती कॅसेट तिने जन्मात ऐकली नव्हती. ती म्हणाली, "अरे, लाइट गेले तेव्हा तुझा काका टेप चालू ठेवून मागच्या पडवीत झोपला होता. त्याला उठवलं कुणी? मी. तोवर पुजाऱ्यांकडची पेट्रोमॅक्सची बत्ती येऊन पेटलीसुद्धा होती."

मग ट्यूब पेटली. त्या टू-इन-वनमध्ये वायर खोचलेली असली की सेलचा संबंध तुटायचा. वायर उपटल्याशिवाय सेलवर चालायचा नाही. म्हणजे लाइट गेल्यावर टेप मेली ती काका डोळे चोळत येऊन वायर काढेपर्यंत. कॅसेटवर त्या दोन चिरक्या आवाजांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर आहे, पण अलीकडे विलंबित आणि पलीकडे द्रुत. आमचे बुवा काही अर्ध्या सेकंदात द्रुतावर जाणारे नव्हते! मधली वीस मिनिटं असतील, तीस असतील. तास थोडा फुगवलेला, पण माझी चौदा मिनिटं तर सरळ चूक.

आणि पेट्रोमॅक्स. अंधारातल्या भागात सतत एक 'सूऽऽ' आहे, मी तो टेपचा खरखराट समजून सॉफ्टवेअरने पुसायला निघालो होतो. नीट ऐकलं तर मध्येच कुणीतरी पंप मारतं आणि तो आवाज वाढतो.

आता दुसरी गोष्ट, सूर चढल्याची. लाइट आल्यावरही काकांनी टेप सेलवरच ठेवला, लाइटचा भरवसा नाही म्हणून. सेल उतरत गेले, टेप हळू फिरू लागली आणि वाजवताना सगळं चढं झालं. १०० वरची रेघ शेवटच्या बाजूला १०६ च्या आसपास जाते. सहा टक्के म्हणजे बरोब्बर एक अर्धस्वर, पेटीवर काळी एकचं पांढरी दोन. आता त्या काळात आपल्याकडे विजेची वारंवारिता स्वतःच ४९ च्या खाली उतरायची, त्यामुळे नुसत्या रेघेवर मी विसंबलो नसतो. पण पेटीही तेवढीच चढलेली आहे, हळूहळू, अर्ध्या तासात. बुवा तापतील, पेटी कशी तापेल?

मग घरातल्या सगळ्यांना तो चढलेला सूर 'आठवतो' कसा? मी एकेकाला विचारत गेलो. ज्यांना आठवत होतं ते सगळे ती कॅसेट वर्षानुवर्षं दर रविवारी ऐकलेले. माझा चुलत भाऊ तर त्या रात्री जन्मलाही नव्हता, आणि तोही हातवारे करून सांगतो. आत्याला विचारलं तर म्हणाली, "पहाटे बुवांचा घसा बसला होता रे, गरम पाणी मागत होते." कॅसेटवर दोन चिजांच्या मध्ये पेला ठेवल्याचा आवाज आहे. तो कसला, ते मला तोवर कळलं नव्हतं.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं पहिलं सांगणं: त्या रात्री हजर असलेलं, पण या कॅसेट कधीच न ऐकलेलं माणूस शोधा. वडिलांचे मित्र, शेजारी, कुणीही. त्यांना कॅसेट ऐकवण्याआधी बोलतं करा आणि मोबाइलवर भरून घ्या. 'ललत झाला का हो?' असं विचारू नका, उत्तर 'हो' येईल. थंडी किती होती, कुठे बसला होता, चहा कुठे प्यायलात, घरी कसे गेलात हे विचारा. राग त्यातून आपोआप निघतो.

कॅसेटवर लगेच तुटून पडू नका. आत फीत दाबणारी फेल्टची छोटी गादी असते, ती सुटलेली असेल तर आवाज मंद येतो आणि वाटतं रेकॉर्डिंगच वाईट आहे. तळाच्या रेघा बघा. एकाच जागी एकमेकींच्या जवळ दोन रेघा असतील तर ती कॅसेट कुणाच्या तरी कॅसेटवरून उतरवलेली आहे, आणि मग 'शेवटची रात्र' हे अक्षर वडिलांचं असलं तरी माहिती ऐकीव असू शकते. लेबलं फार फसवतात. बॉब डिलनच्या १९६६ च्या एका कार्यक्रमाची चोरटी टेप वर्षानुवर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलच्या नावाने फिरली, होती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली. १९९८ मध्ये कंपनीने ती अधिकृत काढली तेव्हाही ते चुकीचं नाव अवतरणचिन्हात ठेवलं, कारण लोक तिला त्याच नावाने ओळखत होते.

सवाईचं एक बरं आहे. १९५३ पासूनचा उत्सव, कार्यक्रमपत्रिका छापलेल्या असतात आणि पुण्याच्या वर्तमानपत्रांत वृत्तांत येतात. ग्रंथालयात डिसेंबरचे अंक काढा. गाणं रात्री दहानंतर उघड्यावर माइकवरून रंगलेलं असेल तर ते बहुधा २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांच्या आधीचं, हेही धरून चाला. तिसऱ्या कॅसेटच्या शेवटी जुन्या तबकडीची खरखर आणि ज्यांच्या नावाने उत्सव आहे त्या सवाई गंधर्वांची भैरवी सापडली, तर ती खरोखरच शेवटच्या सत्राची, कारण उत्सवाची सांगता त्या ध्वनिमुद्रिकेने करायची प्रथा आहे.

आणि तारखेचा एक घोळ तुमच्या घरातही असेल. शनिवारी रात्री बसलेली मैफल रविवारी सकाळी उठते. आई 'पहाट' म्हणते, काका 'रात्र' म्हणतात, वर्तमानपत्रात वृत्तांत सोमवारी येतो. भांडण ललतचं आहे की वाराचं, ते आधी त्या दोघांना समोरासमोर बसवून बघा.